हातमोज्याची दुसरी जोडी

"सिस्टर, तुम्ही सगळ्यांच्याच ऑपरेशनला असे दोन-दोन हातमोजे घालता का हो?"

टेबलावरच्या बाईने मला हे विचारलं तेव्हा तिला पाठीतून इंजेक्शन देऊन झालं होतं, पाय बधिर व्हायला लागले होते आणि छातीसमोर हिरवा पडदा बांधला होता. गर्भपिशवी काढायची होती. भूल फक्त कमरेखाली, त्यामुळे ती पूर्ण जागी. मी रनर सिस्टरशी, म्हणजे बाहेरून सामान आणून देणाऱ्या नर्सशी, मराठीत बोलत होते, ते तिच्या कानावर पडलं असणार. इंदूरमध्ये असं नेहमी होतं. दिवसभर हिंदी बोलणारा माणूस घाबरला की आपली भाषा बोलणारं कोणी आहे का ते बघतो.

मी म्हटलं, "हो, सगळ्यांच्या."

ते खोटं होतं. सकाळपासून झालेल्या चारही केसेसना मी एकच जोडी घातली होती आणि चष्मा खुंटीवर लटकत होता.

ही २००६ सालची गोष्ट. तिची ओळख पटेल असं काहीही मी लिहिणार नाही. एवढंच सांगते की ती एचआयव्हीबाधित होती आणि सरकारी ए.आर.टी. सेंटरमधून एचआयव्हीची औषधं नेमाने घेत होती. आमच्याकडे येण्याआधी दोन दवाखान्यांतून 'मशीन बिघडलंय', 'डॉक्टर गावाला गेलेत' असं ऐकून ती परत फिरली होती. आमचे सर 'या' म्हणाले, पण तिची केस लिस्टमध्ये शेवटी टाकली. आदल्या रात्रीपासून उपाशी असलेली बाई दुपारी चारला टेबलावर आली. फाइलवर लाल शाईचं मोठं वर्तुळ. ओ.टी.तलं, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधलं, हलवता येण्यासारखं सगळं सामान बाहेर काढलेलं. आम्ही सगळे दोन हातमोजे, प्लास्टिकचा एप्रन, वर गाऊन, चष्मा, गमबूट अशा थाटात. त्या सगळ्या किटचे पैसे तिच्याच बिलात लावले होते. झोपल्या झोपल्या ती एकेकाकडे बघत होती, आणि तिने नेमकं तेच विचारलं जे विचारायला हवं होतं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. कोणालाही ओरखडासुद्धा उठला नाही. उठणारही नव्हता, कारण त्या दिवशी प्रत्येकाचा हात जपून चालत होता. सर सुई परत देताना थांबत होते, मी 'घेतली' म्हणत होते. कोणी घाई करत नव्हतं, कोणी क्रिकेटचा स्कोअर विचारत नव्हतं. रात्री घरी जाताना मला समाधान वाटायला हवं होतं. पण रामबागेपर्यंत माझ्या डोक्यात तो एकच प्रश्न फिरत राहिला. सगळ्यांच्याच का?

मी १९८४ साली नर्सिंगला लागले. आजच्या मुलींना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण तेव्हा आम्ही हातमोजे धुऊन पुन्हा वापरायचो. ऑपरेशन झालं की हातमोजे साबणाने धुवायचे, हवा भरून फुगवायचे, पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. भोक सापडलं की जुन्या हातमोज्याचा तुकडा कापून तिथे चिकटवायचा, सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढतात तसं. मग वाळवून, पावडर लावून, डाव्या-उजव्याची जोडी लावून कापडात गुंडाळायचे आणि वाफेने निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हला. दुपारच्या वेळी आम्ही शिकाऊ मुली गोल करून हेच करत बसायचो. एका हातमोज्यावर तीन-तीन ठिगळं असायची. सुया घासायला बारीक दगड असायचा. हे कोणाच्या कंजूषपणामुळे नव्हतं, सगळीकडेच तसं होतं. हातमोजा पेशंटला आपल्या हाताचे जंतू लागू नयेत म्हणून असतो, हे आम्हाला शिकवलं होतं. त्याने आपलाही जीव वाचायचा असतो, हे कोणी म्हणालंच नव्हतं.

मी शिकत असतानाच, १९८६ मध्ये, मद्रासला आपल्या देशातले पहिले एचआयव्हीबाधित सापडले. आमच्यापर्यंत ती बातमी भीती म्हणूनच आली.

हातमोज्याची जन्मकथा मला कळायला पुढची वीस वर्षं जावी लागली. भूल देणाऱ्या एका मॅडमनी चहा पिता पिता सांगितली. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड नावाचे सर्जन होते. १८८९-९० च्या हिवाळ्यात त्यांच्या ओ.टी.तल्या मुख्य नर्स कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांची कातडी निर्जंतुकीकरणाच्या पाऱ्याच्या द्रावणाने सोलवटून निघाली. त्यांना काम सोडायची वेळ आली, तेव्हा हॉलस्टेडनी त्यांच्या हातांचे साचे घेऊन गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले. पुढे दोघांनी लग्न केलं. हातमोजे घातल्यावर पेशंटच्या जखमा कमी चिघळतात, हे त्याच रुग्णालयातल्या ब्लडगुड नावाच्या सर्जननी १८९९ साली, म्हणजे दहा वर्षांनी दाखवलं. मॅडमना त्यातली प्रेमकहाणी आवडायची. मी मात्र हातातला कप तसाच धरून बसले होते. ऑपरेशनचा हातमोजा मुळात एका नर्सचे हात वाचवायला शिवला गेला होता, आणि आम्ही नर्सेस त्याची ठिगळं जोडत बसलो होतो!

नोव्हेंबर २००८. रात्रीचे अडीच. पोटात अपेंडिक्स फुटलेला एक तरुण मुलगा. रिपोर्टसाठी थांबायची सोय नव्हती. फाइलवर लाल वर्तुळ नव्हतं, म्हणून कोणाच्या मनात शंका नव्हती. माझ्या हातात एकच जोडी.

पोट धुऊन झालं आणि बंद करायची वेळ आली. स्नायूंवरचा जाड पांढरा पडदा, ज्याला आम्ही शीथ म्हणतो, शिवताना सुई जोर लावून घालावी लागते. सुया टोचतात त्या बऱ्याचदा इथेच. काम झालंच आहे असं वाटून सगळे सैल पडलेले असतात. सरांनी सुई धरायचा चिमटा, नीडल-होल्डर, परत दिला, त्यांची नजर जखमेवर. मी हात पुढे केला, माझी नजर रक्त टिपायचे मॉप मोजण्याकडे. सुईचं टोक माझ्या डाव्या तर्जनीत शिरलं. ओ.टी.त सुया सर्वांत जास्त टोचतात त्या न वापरत्या हाताच्या तर्जनीलाच, हे मी नंतर वाचलं.

टोचल्या क्षणी दुखत नाही. आधी काहीच कळत नाही, मग हातमोज्याच्या आत एक लाल टिपका दिसतो आणि तो पसरायला लागतो.

"सर, टोचली," म्हटलं आणि बाजूला झाले. रनर सिस्टरने हातमोजा काढला, बोट नळाखाली धरलं आणि आम्ही दोघी ते पिळायला लागलो, जेवढं रक्त जाईल तेवढं बरं म्हणून. चुकत होतो आम्ही. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, त्यावर स्पिरिट किंवा हायपो, म्हणजे जंतुनाशक ब्लीच, ओतायचं नाही. साबण आणि वाहतं पाणी एवढंच. बावीस वर्षं ओ.टी.त काढलेल्या दोन बायकांना हे माहीत नव्हतं, कारण कोणी सांगितलंच नव्हतं.

सरांनी झोपेतल्या दोघा-तिघांना फोन लावून एचआयव्हीची लागण टाळायच्या गोळ्या मिळवल्या. पहिली गोळी मी पहाटे साडेचारच्या आत घेतली. दोन तासांच्या आत घेतलेली सर्वांत बरी. ७२ तास उलटल्यावर सुरू करून उपयोग नसतो. सकाळी मुलगा नीट शुद्धीवर आल्यावर त्याला समजावून, त्याची संमती घेऊन तपासणी केली. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. माझं बोट मध्ये आलं नसतं तर त्याला ते आणखी किती वर्षांनी कळलं असतं कोण जाणे. त्या दिवशी दोन घरांत चूल पेटली नसेल, हे मला पुष्कळ दिवसांनी सुचलं. तेव्हा मी फक्त माझ्या घराचा विचार करत होते.

अठ्ठावीस दिवस गोळ्या. तेव्हा झिडोव्हुडीन आणि लॅमिव्हुडीन असायच्या, सकाळ-संध्याकाळ. सकाळी पोह्यांना फोडणी दिली की मोहरीच्या वासाने मळमळायचं. डोकं जड, अंगात त्राण नाही. आता टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राव्हिर असं मिश्रण देतात, ते पुष्कळ सुसह्य आहे म्हणतात. घरात फक्त ह्यांना सांगितलं होतं. सासूबाईंना अॅसिडिटी झालीय म्हटलं. मी भाजी चिरणं सोडून दिलं. सुरीने बोट कापलं आणि रक्ताचा थेंब भाजीत पडला तर? असं काही लागत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं, मीच दुसऱ्यांना ते समजावून सांगत होते, तरी विळी पुढे ओढायला हात होत नव्हता. हे ऑफिसला जाण्याआधी भेंडी, गवार, कोबी, जे काही असेल ते चिरून, ताटलीवर झाकण ठेवून जायचे. सासूबाई विचारायच्या, "आज हा कसा काय ओट्यापाशी?" हे म्हणायचे, "येतं मला." तीन महिने त्यांनी भाजी चिरली. सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी तपासण्या झाल्या. सगळ्या निगेटिव्ह.

एचआयव्हीबाधिताच्या रक्ताची सुई टोचली तर हजारातल्या साधारण तिघांना लागण होते, ०.३ टक्के. हा आकडा बहुतेक पेशंटना औषधं नव्हती त्या काळातला आहे. औषधं नीट घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झालेल्या माणसापासून धोका त्याहूनही कितीतरी कमी. म्हणजे ज्या बाईसाठी आम्ही गमबूट चढवले होते, तिच्यापासून आम्हाला जेवढा धोका होता, त्याहून जास्त त्या बिनवर्तुळाच्या फाइलपासून होता. आणि हिपॅटायटिस बी? लस न घेतलेल्याला तशीच सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के. त्या आजाराचं नाव घेऊन आमच्याकडे कधी कोणी केस शेवटी टाकली नाही. शून्य, एक आणि सहा महिन्यांनी अशा तीन लसी घेतल्या की त्यापासून आपण जवळजवळ निर्धास्त होतो, तरी ओ.टी.तल्या निम्म्या माणसांचे डोस अर्धवट राहिलेले मी पाहिले आहेत.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की सुई टोचल्यावर झिडोव्हुडीन घेतलेल्यांमध्ये लागण होण्याचा धोका सुमारे ८१ टक्क्यांनी कमी होता. सुई खोल गेलेली असणं, अवजारावर रक्त दिसत असणं, ती सुई पेशंटच्या शिरेतून किंवा धमनीतून निघालेली असणं, यांनी धोका वाढतो, हेही त्यातच होतं. मी हे आमच्या ओ.टी.च्या भिंतीवर मराठी आणि हिंदीत लिहून लावलं.

पण त्याआधी एक फॉर्म भरावा लागला होता. त्या रुग्णालयाचं नाव नको; मी तिथे आयुष्याची बरीच वर्षं घालवली आणि तिथली पुष्कळ माणसं चांगली होती. फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'कोणाच्या निष्काळजीपणामुळे'. मी माझं नाव लिहून दिलं. आज तो फॉर्म माझ्या हाती आला तर मी लिहीन, ट्रे नव्हता.

एवढीच गोष्ट आहे खरं तर. सर्जनच्या हातातून माझ्या हातात आणि माझ्या हातातून सर्जनच्या हातात धारदार काही जाताच कामा नये. मध्ये एक किडनी ट्रे ठेवायचा. मी ट्रेमध्ये सुई ठेवते आणि म्हणते 'सुई', सर उचलतात. सर ठेवतात आणि म्हणतात 'सुई', मी उचलते. एका वेळी ट्रेमध्ये एकच धारदार वस्तू आणि एकच हात. ब्लेड बोटांनी काढायचं नाही, आर्टरी फोर्सेप्सच्या चिमट्याने काढायचं. सुईला टोपण पुन्हा घालायचं नाही. शीथ शिवायला बोथट टोकाची सुई मागवायची. ती मांसातून जाते, पण बोटात सहज शिरत नाही. आणि हातमोजे दोन. आतली जोडी अर्धा नंबर मोठी, बाहेरची नेहमीच्या मापाची. माझं माप साडेसहा, म्हणून आत सात. सुई दोन थरांतून जाताना तिच्यावरचं बरंचसं रक्त पुसलं जातं, आणि बाहेरच्या जोडीला भोक पडलं तरी आतली बहुतेक वेळा शाबूत राहते. पहिले काही दिवस बोटं परक्याची वाटतात, धागा हाताला कळत नाही. मग अंगवळणी पडतं.

सरांचा हात इतकी वर्षं माझ्यासमोर उघडा यायचा आणि त्यात नीडल-होल्डर पडायचा. पहिल्या दिवशी त्यांनी तीनदा हात पुढे केला आणि तिन्ही वेळा मी ट्रे पुढे केला. ते म्हणाले, "सिस्टर, माझी लय बिघडते." मी म्हटलं, "सर, माझ्या घरी तीन महिने भाजी दुसऱ्याने चिरली." मास्कवरचे त्यांचे डोळे काही क्षण माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सुई ट्रेमधून उचलली. महिन्याभराने एकदा ट्रे उशिरा आला तेव्हा सर होल्डर हातात धरून थांबले आणि म्हणाले, "ट्रे?"

२००६ साली दिलेलं उत्तर अशा रीतीने खरं करायला मला अडीच वर्षं लागली. ती बाई ते बघायला नव्हती.

आता जे सांगायचं आहे ते मला अजून जड जातं.

मी ओ.टी. सुरक्षित केली असं मला वाटत होतं. २०११ मध्ये आमच्या मावशी, ज्या अवजारं धुवायच्या, फरशी पुसायच्या, पिशव्या बांधून खाली न्यायच्या, त्या एक दिवस माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. उजवा हात पदराखाली. म्हणाल्या, "ताई, एक विचारू?" तळहात दाखवला. अंगठ्याखाली बारीक काळा ठिपका आणि भोवती सगळी कातडी पांढरी पडून सोललेली. कचऱ्याची लाल पिशवी बांधताना आतून सुई लागली होती. घाबरून त्यांनी हात हायपोच्या बादलीत बुडवून ठेवला होता. मी विचारलं, "कधी?" त्या म्हणाल्या, "मंगळवारी." त्या दिवशी रविवार होता.

पाच दिवस. बहात्तर तास कधीच उलटून गेले होते.

मी ओरडले त्यांच्यावर, "मावशी, सांगायचं नाही का?" त्या खाली बघत म्हणाल्या, "कामावरून काढतील म्हटलं." भिंतीवर मी लावलेला कागद त्यांच्या डोक्यावरच होता. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि त्या कागदावर लिहिलेलं आपल्यालाही लागू आहे असं त्यांना कधी कोणी म्हटलं नव्हतं. मीही नाही. माझी सुई सरांच्या हातून मला टोचली तर तो अपघात; त्यांना पिशवीतून टोचली तर तो त्यांच्या कामाचाच भाग, असं मीही धरून चालले होते. हिपॅटायटिसची लस त्यांना द्यायची असते, हेसुद्धा मला त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं.

त्या सुईवर कोणाचं रक्त होतं ते कळायला मार्ग नव्हता. तीन तपासण्या झाल्या, तिन्ही निगेटिव्ह आल्या. तिसरा रिपोर्ट मी वाचून दाखवल्यावर मावशी काहीच बोलल्या नाहीत, माझा हात हातात घेऊन बसल्या.

त्यानंतर एक नियम केला आणि निवृत्त होईपर्यंत कोणासाठी मोडला नाही, सर्जनसाठीही नाही. ज्याने सुई वापरली त्यानेच ती टाकायची. पिशवीत नाही, न टोचणाऱ्या कडक डब्यात, आणि डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद. मावशी पिशवी उचलतील ती फक्त मऊ सामानाची. त्यांना जाड रबरी हातमोजे, बूट आणि तीन लसी. हातमोज्यांचं बिल मी पुढे केलं तेव्हा अकाउंट्समध्ये विचारलं, "आयांना इतके महाग कशाला?" मी तिथेच उभी राहिले, सही होईपर्यंत.

कायदा पुष्कळ उशिरा आला. एचआयव्ही आणि एड्सबाबतचा २०१७ चा अधिनियम १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. बाधित माणसाला उपचार नाकारायचे नाहीत, संमतीशिवाय तपासणी करायची नाही, हे त्यात आहेच. आणि त्याच कायद्यात हेही आहे की काम करताना ज्यांना लागण होऊ शकते अशा सर्वांना सुरक्षेची साधनं, प्रशिक्षण आणि टोचल्यानंतरची औषधं देणं रुग्णालयाचं कर्तव्य आहे. सर्वांना. मला तो वाचताना भरून आलं होतं. पेशंटची बाजू आणि आमची बाजू एकाच कागदावर होती. इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं की एकाला जपायचं तर दुसऱ्याला दूर लोटावं लागतं.

तरी अजून कुठल्या कुठल्या ओ.टी.तून शिकाऊ मुली मला फोन करतात. "ताई, पॉझिटिव्ह केस आहे, फ्युमिगेशन करावं लागेल ना? अवजारं वेगळी ठेवू का?" मी सांगते, काही वेगळं करू नकोस. नेहमीची धुलाई, नेहमीचा ऑटोक्लेव्ह, १२१ अंशांत तो विषाणू कुठला राहायला. केस शेवटी टाकू नकोस, बाईला उपाशी ठेवू नकोस. आणि मग विचारते, सकाळच्या हर्नियाला किती हातमोजे घातले होतेस? पलीकडे बराच वेळ शांतता असते.

आता मी घरीच असते. हे इन्शुलिन घेतात, दिवसातून दोनदा. वापरलेल्या सुया मी जाड प्लास्टिकच्या बरणीत टाकते. आमच्या शहराला २०१७ पासून सलग कित्येक वर्षं स्वच्छतेचा पहिला नंबर मिळाला त्याचं कौतुक सगळीकडे होतं, आणि मला त्याचा अभिमान आहे, पण गाडीमागे उभा राहून आमची पिशवी हातात घेणारा मुलगा मला दिसतो तेव्हा मावशींचा तो तळहात आठवतो. बरणी भरली की झाकणाला चिकटपट्टी लावते, वर 'सुई' असं मोठ्या अक्षरांत लिहिते. सकाळी गाडीचं गाणं गल्लीच्या तोंडाशी ऐकू आलं की ओला-सुका कचरा हे घेतात, बरणी मी घेते.

मागच्या आठवड्यात गाडीवर नवीन मुलगा होता. मी बरणी दिली, तो ती सुक्या कचऱ्यात टाकायला लागला. मी त्याचं मनगट धरलं. "भैया, इसमें सुई है." त्याने बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच्या उजव्या हातातल्या रबरी हातमोज्याचं करंगळीजवळचं टोक फाटलं होतं. मी म्हटलं, "एक मिनिट रुको," आणि जोडी आणायला आत गेले.